बाबांच्या खोलीतला गारवा

बेबी पन्नाशीला टेकली होती, कानांवरचे केस पांढरे झाले होते, तरी नात्यागोत्यात ती बेबीच राहिली होती. लग्न झालं नव्हतं आणि त्याबद्दल विचारायचं आता लोकांनीही सोडून दिलं होतं. चष्म्याच्या एका दुकानात, मागच्या खोलीत, ती काचा घासायची. पुढे मालक गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम चढवून आरसा धरायचे आणि मागे बेबी त्या फ्रेमच्या मापाने काच कापून, कडा घासून नेमकी बसवून द्यायची. यंत्राचं पाणी दिवसभर हातांवर उडायचं. संध्याकाळपर्यंत बोटं अशी सुरकुतायची की पडलेलं नाणं उचलायचं म्हटलं तरी सटकायचं.

घरी ती आणि बाबा, दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरला भाऊ, दादा, बायकामुलांसह दुसऱ्या शहरात राहायचा. सकाळी गाडी काढली तर दुपारच्या जेवणाला पोचेल इतकंच अंतर, पण त्याला सवड म्हणून कधी मिळायची नाही.

बाबा पूर्वी बसस्थानकावर घोषणा करायचे. अमुक गाडी तमुक फलाटावर लागते आहे असं त्यांनी सांगितलं की गाडीचा पत्ता नसला तरी माणसं सामान उचलून निमूट तिकडे चालायला लागत. निवृत्त होऊन जमाना लोटला, दात गेले, गुडघे गेले, पण आवाज जसाच्या तसा होता. दुपारभर ते फोनवर कुणाकुणाशी बोलत बसायचे. बेबीला त्याचं बरंच वाटायचं. म्हाताऱ्या माणसाचा वेळ जातो, आणखी काय हवं?

घर सगळ्यात वरच्या मजल्यावर होतं. डोक्यावर नुसता स्लॅब. उन्हाळ्यात दुपारी भिंतीला पाठ टेकली तर चटका बसायचा आणि हिवाळ्यात सकाळी लादीवर पाय ठेववत नसे. बाबांची खोली पश्चिमेची, म्हणजे उन्हाची हक्काची. तिच्या खिडकीत आईच्या हौसेने घेतलेला पत्र्याचा कूलर बसवलेला होता. तो घरघरायचा, थरथरायचा, अधूनमधून बाबांच्या पायांवर पाणी शिंपडायचा, पण हवा गार द्यायचा. हिवाळ्यासाठी पलंगाखाली एक लहानसा हीटर होता. त्याची तार लाल झाली की बाबा त्याच्यासमोर तळपाय धरून बसायचे.

या उन्हाळ्याच्या तोंडावर कूलरच्या मोटरीने मान टाकली. बेबीने ठरवलं, आता पुरे झालं. चार दुकानं पालथी घातली, शेजारणींना विचारलं आणि एक यंत्र पसंत केलं. उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम, दोन्ही हवा देणारं, खोलीच्या मानाने बेताचं. दुकानदाराने मेकॅनिकला भिंत बघायला पाठवलं. त्याने टेप बाहेर काढला मात्र, बाबा पलंगावर उठून बसले.

"काय चाललंय?"

"बाबा, एसी बसवतेय. तेच यंत्र थंडीत गरम हवा देतं. तुमच्या गुडघ्यांना—"

"माझ्या गुडघ्यांचं मी बघतो. त्या डब्याची कोरडी हवा मला नको. हाडं धरतात. मला कूलरची ओली हवाच मानवते." मग जरा थांबून, आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुझ्या आईने हौसेने घेतलाय तो."

आईचं नाव निघालं की बोलणंच खुंटायचं. मेकॅनिकने टेप गुंडाळला. "परत विचार झाला तर कळवा," म्हणाला आणि जिना उतरून गेला.

बेबीने मग कूलरमध्येच जीव ओतला. नवी मोटर बसवली, जाळ्यांमधलं जुनं कुजकं गवत काढून ताजं भरलं, गच्चीवर चढून स्लॅबला पांढरा रंग दिला. खिडकीला जाड पडदा शिवला. सकाळी कामावर निघण्याआधी ती कूलरची टाकी बादल्यांनी काठोकाठ भरायची, म्हणजे बाबांना दुपारी उठावं लागू नये. तिच्या स्वतःच्या खोलीत ती हवा पोचायची नाही. ती स्वयंपाकघराच्या लादीवर चटई टाकून, टेबलफॅन तोंडाशी घेऊन झोपायची. सकाळी उठली की पाठीवर चटईचे वळ असायचे. तक्रार करावी असं तिच्या मनातही आलं नाही. बाबांचं मन राखलं याचंच तिला समाधान होतं.

ऊन ऐन भरात आलं होतं तेव्हा एके दिवशी मावशी दुकानात आली. आईची धाकटी बहीण. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, नवा चष्मा न्यायचा होता. एरवी आल्या आल्या "बेबी कुठाय?" असा गलका करणारी मावशी आज खुर्चीवर नुसती बसून राहिली. बेबीने काडी गरम करून, कानामागे टोचू नये अशी वाकवून, चष्मा तिच्या चेहऱ्यावर चढवला.

"नीट दिसतंय ना मावशी?"

"दिसतंय. आता सगळंच नीट दिसायला लागलंय." मावशीने चष्मा काढला नाही. "बेबी, विचारू नये, पण राहवत नाही म्हणून विचारते. म्हाताऱ्या बापाला असं भट्टीत ठेवायला तुला काहीच कसं वाटत नाही गं?"

बेबीला आधी कळलंच नाही. "कुणाला?"

"कुणाला म्हणून काय विचारतेस? भाओजींना! बिचारे फोनवर रडायचे तेवढे बाकी असतात. 'बेबीला एसी लाव म्हणून किती विनवलं, तिला बिलाची भीती. कामावर जाताना कूलरसुद्धा बंद करून जाते. स्वतः दिवसभर एसीत बसते आणि मी इथे भाजून निघतो.' तुझ्या दादालाही सांगितलंय त्यांनी. तो यंत्र पाठवायला तयार आहे, तर म्हणे तूच लावू देत नाहीस."

बेबीच्या हातात चष्मा पुसायचं फडकं होतं. ते तिने घडी केलं, उलगडलं, परत घडी केलं. एसी पुढच्या दालनात होता, मावशी बसली होती तिथे. मागच्या खोलीत गरम हवा बाहेर फेकणारा एक पंखा तेवढा होता, आणि तोही धड चालत नव्हता. हे मावशीला सांगावं, हात धरून मागे नेऊन दाखवावं, असं तिला वाटलं. पण तोंडातून एवढंच निघालं, "असं बाबा म्हणाले?"

"मग मी काय पदरचं सांगतेय?"

मालक पलीकडे गल्ल्यावर बसून कान देऊन ऐकत होते. बेबी मागे गेली. यंत्र सुरू केलं आणि एका गिऱ्हाइकाची चांगली काच चुकीच्या कडेने घासून वाया घालवली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

घरी जाताना तिने स्वतःची समजूत काढली. मावशीला तिखटमीठ लावायची सवयच आहे. बाबा सहज काही बोलले असतील, हिने त्याचा डोंगर केला असेल. दार उघडलं तेव्हा बाबा कूलरच्या झोतात गाढ झोपले होते, पायांवर चादरसुद्धा ओढलेली होती. ते उठल्यावर तिने चहा दिला आणि त्यांच्या पलंगाच्या कडेला बसली.

"बाबा, उकडतंय फार. अजूनही एसी बसवून घेऊ या का? खरं सांगा. मी उद्याच बोलावते माणसाला."

बाबांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "नको गं बाळा. कशाला? तू एवढं गवत बदललंस, पडदे शिवलेस. मी अगदी सुखात आहे."

आवाज इतका मऊ आणि इतका खरा होता की मावशीचं बोलणं ऐकलं नसतं तर बेबीने त्या आवाजावर जीव ओवाळून टाकला असता. रागाच्या भरात माणूस कुणाला काही बोलून जातो, ते ती समजू शकत होती. पण तोंडावर असं गोड, डोळ्यांत डोळे घालून? आजवर तो आवाज आपल्याला काय काय सांगत आला आणि आपण सामान उचलून कुठे कुठे चालत गेलो, याचा विचार करत ती रिकामी कपबशी घेऊन तशीच बसून राहिली.

"तुम्ही मावशीशी बोलता का हल्ली?" तिने विचारलं.

"कधीतरी. तिच्या डोळ्याची चौकशी करायला. का गं?"

"काही नाही," ती म्हणाली. पुढे विचारायची तिची छातीच झाली नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी, न कळवता, दादा आला. मागे टेम्पोत भलंमोठं खोकं आणि त्याच्याबरोबर एक मेकॅनिक. योगायोगाने तो तोच मेकॅनिक होता, टेप गुंडाळून परत गेलेला. दादा धापा टाकत वर आला तो शेजारपाजारच्या चार दारांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाला.

"बेबी, बास झालं आता! मला चार लोक विचारतात, तोंड कुठे लपवू मी? बिल येईल म्हणून बापाला उकडत ठेवायचं? मी भरतो बिल. तू फक्त आडवी येऊ नकोस."

"मी आडवी येते?" बेबीचा आवाज फाटला. "दादा, मी तर माणूस आणला होता भिंत मोजायला. ह्यांनाच आणलं होतं! विचार ना त्यांना."

मेकॅनिकने दोघांकडे पाहिलं. "मी आलो होतो खरा," तो सावधपणे म्हणाला, "पण काम झालं नाही." दुसऱ्यांच्या घरच्या भांडणात पडायचं त्याला काही कारण नव्हतं. तो भिंत ठोकून बघायला लागला.

"झालं नाही ना? मग!" दादा म्हणाला.

बेबी पलंगाकडे वळली. "बाबा, तुम्ही सांगा. एसी नको कोण म्हणालं? मी की तुम्ही?"

बाबा उशीला टेकून बसले होते. त्यांनी बेबीकडे पाहिलं नाही. दादाच्या बुटांकडे पाहत ते म्हणाले, "जाऊ दे. एवढ्या लांबून आलाय तो. आता भांडू नका."

बेबीला थोबाडीत बसल्यासारखं झालं. मावशीने सांगितलं ते कानांनी ऐकलेलं होतं, हे तिच्या डोळ्यांदेखत घडलं. एक वाक्य बोलायचं होतं त्यांना. 'मी नको म्हणालो होतो', बास. आयुष्यभर हजारो माणसांना गाड्या सांगितल्या, त्यांना मुलीसाठी चार शब्द जड झाले. ती स्वयंपाकघरात गेली आणि चौघांचा चहा टाकला. दुसरं काय करायचं, हे तिला सुचेना.

यंत्र खोलीच्या मानाने मोठं होतं. "हॉलला चाललं असतं," मेकॅनिक म्हणाला. "इथे पाच मिनिटांत बर्फ करेल आणि बंद पडेल, परत चालू होईल. चालेल, पण जरा जास्तच आहे." दादाने हात झटकला. "असू दे. कमी पडायला नको." शिवाय मीटरपासूनची वायर जुनी निघाली. एवढा भार तिला झेपणार नव्हता. नवी ओढायची तर काम दुसऱ्या दिवसावर जाणार होतं. म्हणजे दादाला मुक्काम करणं भाग होतं.

आणि तेव्हा बेबीने बाबांचा चेहरा पाहिला.

तो असा उजळला होता की खोलीत आणखी एक खिडकी उघडल्यासारखं वाटावं. संध्याकाळी त्यांनी आपणहून दाढी केली, इस्त्रीचा सदरा मागून घातला, गुडघ्यांचं नाव न काढता टेबलापाशी येऊन जेवले. दादाला बसस्थानकावरचे जुने किस्से सांगितले. ते बेबीने इतक्यांदा ऐकले होते की पुढचं वाक्य तिला पाठ होतं. दादा फोन बघत हुं हुं करत होता. बाबांना तेवढंही पुरत होतं. खिडकीतला कूलर त्याच दुपारी काढून जिन्याच्या कोपऱ्यात उभा केला होता. आईची हौस कुणालाच आठवली नाही.

दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू झालं, दादाने त्याच्यासमोर बाबांना उभं करून फोटो काढला, नातेवाइकांना पाठवला आणि जेवायलाही न थांबता निघून गेला. मावशीचा लगेच निरोप आला, मुलगा असावा तर असा.

त्या संध्याकाळी बेबी कामावरून आली तेव्हा खोली गारठली होती आणि बाबा डोक्यावरून पांघरूण घेऊन, पाय पोटाशी ओढून बसले होते.

"बंद कर गं ते," ते म्हणाले. "हाडं धरली."

बेबीने यंत्र बंद केलं. खोली एकदम शांत झाली.

"तुम्हाला हे नकोच होतं," ती म्हणाली. "खरंच नको होतं. मग मी छळते म्हणून का सांगत होता सगळ्यांना?"

तिने खुर्ची ओढून त्यांच्या समोरच मांडली.

"मी कामावर जाताना कूलर बंद करून जाते? मी टाकी भरून जाते, बाबा. रोज."

"तसं म्हणायचं नव्हतं मला," बाबा पुटपुटले. "मी सुखात आहे म्हटलं की तो म्हणायचा, वा, मग ठीक आहे. आणि फोन ठेवायचा. त्रास आहे म्हटलं की चार शब्द जास्त बोलायचा. त्याला यायला काहीतरी कारण लागतं, बेबी."

"आणि मी?"

बाबांनी तिच्याकडे नवलाने पाहिलं, जणू हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. "तू तर आहेसच की."

ते वाईट बोलायचं म्हणून बोलले नव्हते. त्यांच्या लेखी ती सरळ गोष्ट होती, भिंत आहे, दार आहे तशी. बेबीला रडू आलं नाही, राग मात्र असा चढला की कानशिलं तापली.

"ठीक आहे. मग आता त्याला खरं सांगा. तुमच्या तोंडाने." तिने दादाला फोन लावला आणि आवाज मोठा करून पांघरुणावर ठेवला.

"आता कशाला?" बाबांनी हात हलवून नको नको केलं. तेवढ्यात दादाने फोन उचलला.

"बोल. आता काय झालं? चालतंय ना यंत्र?"

बेबी बाबांकडे पाहत राहिली. बाबा पांघरुणाची कड चाचपत राहिले. अखेर तीच म्हणाली, "चालतंय. बाबा विचारतायत, परत कधी येशील."

"अगं, आत्ताच तर येऊन गेलो! हे बघ बेबी, म्हातारा रोज फोन करून रडगाणं गायचा, बायको कंटाळली, मी कंटाळलो. ते तोंड बंद व्हावं म्हणूनच तर एवढं यंत्र बसवलं. आता दोन-चार वर्षं तरी मला कुणी नावं ठेवणार नाही आणि बोलवणारही नाही. तू सांग काहीतरी त्यांना. तुला जमतं."

बेबीने झडप घालून फोन बंद केला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. बाबांनी पांघरूण हळूहळू हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. त्यांचा चेहरा एकदम लहान झाला होता.

आता बरं वाटायला हवं होतं, फिट्टंफाट झाली असं वाटायला हवं होतं. तसं काहीच वाटलं नाही. आपल्याला जे झालं तेच आता यांना झालंय, एवढं तिला दिसत होतं, आणि जवळ जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवावा असं तिच्या हाताला वाटत नव्हतं. ती उठून दिवा लावून आली.

पुढचे काही दिवस बाबा फार जपून वागले. ताटातलं सगळं संपवायचे, कपबशी स्वतः उचलून ठेवायचे. एकदा बेबी लवकर घरी आली, तर ते फोनवर होते. दारातूनच तिला तो भरघोस आवाज ऐकू आला.

"नाही नाही, उगाच त्याचं नाव झालं. यंत्र बेबीनेच घेतलं. पैसे साठवून, माझ्यासाठी. माझी मुलगी म्हणजे—"

पलीकडे मावशी होती. बाबांनी बेबीला पाहिलं आणि हसले. बघ, केलं ना मी सगळं नीट, असं ते हसू होतं. बेबीने पुढे होऊन फोन त्यांच्या हातातून घेतला.

"मावशी, मी बेबी. यंत्र दादाने बसवलं, मी नाही. मी बसवायला निघाले होते, तेव्हा बाबा नको म्हणाले, म्हणून कूलर दुरुस्त केला. तो रोज भरून जात होते. जे खरं आहे ते एवढंच."

पलीकडून मावशी म्हणाली, "अगं, मग त्या दिवशी दुकानात का नाही बोललीस?"

"बाबा खोटं बोलतील असं मला वाटलं नव्हतं, म्हणून," बेबी म्हणाली आणि फोन बाबांना परत दिला. त्यांनी तो घेतला, पण कानाला लावला नाही.

महिनाअखेरीस ती त्याच मेकॅनिकला घेऊन आली. या वेळी स्वतःच्या खोलीसाठी. तिने पसंत केलेलं ते बेताचं यंत्र तिच्या पलंगाच्या पायथ्याशी, दाराच्या वर बसवलं. बाबा दारात उभे राहून बघत होते. "चांगलं आहे," ते म्हणाले. "तुझ्या खोलीला अगदी माफक." बेबीने मान हलवली. चटई गुंडाळून माळ्यावर टाकली आणि स्वयंपाकघराची लादी रिकामी झाली.

ती बाबांना सोडून कुठे गेली नाही. जाणार तरी कुठे? पथ्यपाणी, औषधं, डॉक्टर, सगळं होतं तसंच चाललं. सकाळी निघताना ती त्यांच्या यंत्राचा आकडा त्यांना सोसेल असा लावून जायची. पण बोलणं मोजकं झालं. बाबा काहीही म्हणाले तरी ते खरंच तसं आहे का, हे तिचं मन आधी तपासून बघायचं. गुडघा दुखतोय म्हणाले तर दुखत असेल का? बरं आहे म्हणाले तर बरं असेल का? फोन वाजला की तिचा हात कामावरून निघायचा आणि बाबा काय सांगतायत तिकडे कान लागायचे, आणि त्या कान लावण्याची तिची तिलाच लाज वाटायची.

एका रविवारी दुपारी दोघं जेवायला बसली होती. बाबांनी पहिला घास घेतला. "भाजी छान झालीय," ते म्हणाले. "मीठ अगदी बरोबर."

बेबीने चमचा उचलला, त्यांच्या ताटातली भाजी जराशी घेतली आणि चाखून पाहिली.